एका शब्दाचा माणूस

११ जानेवारी

बोलले! आणि काय बोलले, तर — “सेट.”

ह्यांना झटका आल्यापासून घशातून नुसती घरघर. आज सकाळी नर्स उशी सरकवत होती आणि एकदम स्वच्छ, खणखणीत — “सेट!” ती बिचारी दचकली. “काय हवंय काका? कसला सेट?” मी दारात चहाचा पेला धरून उभी. पेला खिडकीत ठेवला आणि तोंडावर हात दाबून रडले. मग हसूच आलं. माझं नाव नाही, लेकीचं नाव नाही, देवाचंसुद्धा नाही. धंद्यातला शब्द! माणूस मरणाच्या दारातून परत आला तो थेट कामावर हजर.

१४ जानेवारी

डॉक्टर म्हणतात, मेंदूतला बोलण्याचा भाग गेला. उजवा हात, उजवा पाय त्याच्याबरोबर गेला. “असा एखादा शब्द उरतो कधी कधी. तोंडात बसलेला. त्याला अर्थ असेलच असं नाही.”

असेलच असं नाही म्हणजे काय? “त्यांना आपलं बोलणं समजतं का?” म्हणून विचारलं. “थोडंफार समजत असावं. नक्की सांगता येत नाही.” ह्यांना सांगता येत नाही, डॉक्टरांना सांगता येत नाही. मग सांगायचं कोणी? मीच आता सगळ्यांच्या वतीने बोलायचं!

नाकात नळी आहे. ती ओढतात म्हणून डावा हात पट्टीने पलंगाला बांधून ठेवलाय. पट्टी सोडली की हात दांड्यावर आपटतो. नर्स म्हणाली, “बेचैनी असते हो काकू, हात आपोआप उडतो.” मनगटावर वळ उठले होते. पट्टीखाली रुमाल घातला.

२५ जानेवारी

घरी आणलं. नाकातली नळी निघाली, पातळ सूप जातं. लोखंडी पलंग भाड्याने आणलाय, दोन्ही बाजूंना दांडे असलेला. मधल्या खोलीत मावेना, म्हणून जेवणाचं टेबल जिन्यात गेलं. हे आत येताना चौकटीकडे बघून म्हणाले, “सेट.” मी म्हटलं, हो, आलात घरी. लेक म्हणाली, “आई, तुला कळलं?” कळलं काय त्यात! घरी आलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

लेक रविवारी परत जाणार. तिची नोकरी, तिचं घर. “मी येत राहीन गं.” मी म्हटलं, ये. तुझे बाबा कुठे पळून जाणार आहेत!

२ फेब्रुवारी

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या. अंगाने काडी, पण आवाज शाळेच्या घंटेसारखा. चित्रं दाखवली. कप — “सेट.” घड्याळ — “सेट.” माझा फोटो — जरा थांबून — “सेट.” मला म्हणाल्या, “तुम्ही शब्द ऐकू नका, सूर ऐका. शब्द एकच असला तरी सूर वेगवेगळे आहेत. तुम्ही घरातल्या आहात, तुम्हाला कळतील.”

कळतील, पण कानाचं काय? माझा डावा कान कवळ्या पॉलिश करायच्या मोटारीने कधीच खाल्ला. आता उजव्या कानावर संसार. त्यांच्या बोलण्याला उजवाच कान द्यायचा, असं ठरवून टाकलं.

५ फेब्रुवारी

आज काम हातात घेतलं. किती दिवस बंद ठेवणार? आमची लॅब म्हणजे घराची मागची खोली. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या करतो. प्लॅस्टर आणि धातूचं काम ह्यांचं, मेणात दात बसवणं आणि पॉलिश माझं. आता दोन्ही माझंच.

काम करता करता लक्षात आलं, हा शब्द तर आमच्या घरात पूर्वीपासून हरकाम्या आहे! प्लॅस्टर सेट झालं का, म्हणजे घट्ट झालं का. वरचा सेट, खालचा सेट म्हणजे कवळी. दात सेट कर, म्हणजे मेणात एकेक नीट बसव. लेकीला नोकरी लागली तेव्हा चपला काढता काढता ओरडले होते, “पोरगी सेट झाली!” आणि माझ्या बहिणीने लग्नात दिलेला सहा कपांचा सेट. त्यातले पाच ह्यांनी फोडले, तरी उरलेल्या एकाला सेटच म्हणायचे. “सेटमध्ये चहा दे.” मग मेंदूने तरी काय करावं? घर जळताना हाताला लागलं ते गाठोडं घेऊन बाहेर पडला.

लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणते, “आई, इंग्रजी शब्दकोशात ह्या शब्दाला पानंच्या पानं आहेत. मोडलेलं हाड बसवतात तेही सेट, जेली थिजते तीही सेट, टेनिसचा सेट, नाटकाचा सेट. सूर्य मावळतो तेसुद्धा.” म्हटलं, मग तुझ्या बाबांचं भांडवल अगदीच काही कमी नाही.

९ फेब्रुवारी

मी आता ह्या शब्दातली पंडित झाले आहे! शेवट वर उचलला — लघवीचं भांडं हवंय. लांबवला, “सेऽऽट” — कूस बदला. दोनदा भरभर — टीव्ही बंद करा, हा माणूस मूर्ख आहे. आखूड तोडला — नको. आखूडच, पण शेवटी जरा खाली सोडला — चालेल. हा शेवटचा फरक फार बारीक आहे. लेकीला फोनवर करून दाखवला, तिला दोन्ही सारखेच वाटले. वाटणारच. तीस वर्षं त्याच माणसाबरोबर एका खोलीत काढायला लागतात.

संध्याकाळी त्यांचे जुने मित्र आले. “काय, कसं काय?” “सेट!” मित्र खूश. “बघा वहिनी, काही झालेलं नाही ह्याला!” आणि माझ्याकडे बघून हळूच, “आमच्या हिच्याकडे असा एकच शब्द असता तर!” मी चहा दिला त्याला, पण साखर घातली नाही.

१३ फेब्रुवारी

आज एक वेडेपणा झाला.

मोटार चालू असली की आमच्या खोलीत बोलणं शक्यच नसतं. तोंडावर फडकं, एकमेकांकडे पाठ. म्हणून लग्नानंतर लगेच ह्यांनी पद्धत पाडली. प्लॅस्टरच्या सुरीची लाकडी मूठ टेबलावर आपटायची. एक ठोका म्हणजे बंद कर. दोन म्हणजे इकडे बघ. तीन म्हणजे झालं माझं, चहा टाक. टेबल एकच, लांबलचक, त्यामुळे ठोका कानाने ऐकावा लागत नाही, कोपराला कळतो. भांडण झालं तरी ठोके चालू! आठ आठ दिवस तोंडाने अबोला आणि टेबलावर तीन ठोके — चहा टाक. टाकायचे, दुसरं काय.

आज दुपारी खालचा सेट पॉलिश करून ठेवला आणि सवयीने मूठ आपटली. तीन. वाट बघत उभी राहिले की! मग माझा मीच टाकला. एक कप कमी टाकायची सवय अजून लागलेली नाही, अर्धा मोरीत ओतला.

१८ फेब्रुवारी

दिवस वाईट गेला. सकाळपासून “सेट, सेट, सेट.” भांडं नको, पाणी नको, कूस नको. माझी पंडिताई संपली. शेवटी ओरडले, “अहो, काय सेट? काय ते एकदा नीट सांगा!” आणि ते रडायला लागले. तोंडाची एकच बाजू रडते. मला बघवेना.

डाव्या हाताने मागच्या खोलीकडे दाखवत होते ते मग कळलं. खुर्चीत बसवून चाकांवरून नेलं. टेबलावर एका म्हाताऱ्या बाईंची कवळी पडली होती. तिसऱ्यांदा परत आली आहे — टोचते म्हणून. मी घासते, परत पाठवते, परत येते. ह्यांनी ती उचलली, अंगठा फिरवला आणि खालच्या डब्यात टाकून दिली! पूर्वी करायचे तसंच. पूर्वी वर बोलायचेही, “खाली हाडच उरलं नाही तर कवळी बसणार कशावर? घासत बसून तिला छळू नकोस. सांग डॉक्टरला, होत नाही म्हणून.”

मी डब्यातून काढली, धुतली, पुन्हा घासायला घेतली. मी हट्टी आहे, हे त्यांना माहीत आहे. मोटार लावली तर खुर्चीच्या हातावर त्यांचा हात उडायला लागला. फार वेळ बसवलं बहुतेक. परत पलंगावर नेलं.

२४ फेब्रुवारी

खालची बाई वर आली. कडेवर तान्हं. चांगली आहे बिचारी, आधी पाच मिनिटं तब्येतच विचारत होती. मग म्हणाली, “काकू, राग मानू नका. दुपारी बाळ झोपत नाही. वरून ठोका येतो.”

म्हटलं, मोटार असेल.

“नाही हो, मोटारीचं काही नाही, ती तर पोटात असल्यापासून ऐकतोय तो. हा ठोका वेगळा. एकच येतो. मग थांबतो. बाळाचा डोळा लागतो की परत एक. एक-एकच, पण थेट डोक्यात बसतो.”

आत जाऊन बघितलं. डावा हात दांड्यावर. माझ्याकडे बघत होते. बेचैनी! दवाखान्यातही असंच होतं. मला मागच्या खोलीत कुठून ऐकू येणार, मोटार आणि हा कान. लाज वाटली, लोकांच्या लेकराची झोप मोडायची म्हणजे काय! जुनी रजई काढली, चार घड्या करून दांड्याला गुंडाळली, सुतळीने आवळली. वरून हात आपटून बघितला. कापसात बोट रुतावं तसा. बरं झालं, त्यांच्या हातालाही लागणार नाही.

“सेट,” म्हणाले. आखूड. म्हटलं, नको कसं? बाळ झोपायला नको का त्यांचं?

३ मार्च

शांत आहे सगळं. खालची हात जोडून गेली. बाळ झोपतं म्हणे.

११ मार्च

सूप देताना ठसका लागला. लागला तो थांबेना. ओठ निळे. मी पाठीवर थापट्या मारतेय आणि ओरडतेय, कोणाला ओरडतेय कुणास ठाऊक! संध्याकाळी अंग तापलं. खालच्या बाईच्या नवऱ्याने उचलून गाडीत घातलं. पुन्हा दवाखाना, पुन्हा तोच मजला.

छातीत अन्न गेलं म्हणतात. मी भरवलेलं. एक चमचा कमी दिला असता तर? पण चांगले घेत होते. हात मध्ये मध्ये आणत होते, मीच तो बाजूला करत होते. म्हटलं, चार चमचे जास्त गेले तर अंगाला लागेल.

१५ मार्च

लेक आली आहे. ताप उतरला, पण डॉक्टरांनी दोघींना बाहेरच्या बाकावर बसवून घेतलं. स्पष्ट बोलणारा माणूस आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

“गिळताना अन्न छातीत जातंय, आणि कफ त्यांना स्वतः काढता येत नाही. हे परत परत होणार. गळ्याला भोक पाडून नळी बसवू, त्यातून मशीनने कफ ओढता येईल. पोटात एक नळी, जेवणासाठी. मग घरी नेता येईल.”

मी विचारलं, “बोलणं?”

“गळ्यात नळी आहे तोवर आवाज निघणार नाही.”

“तोवर म्हणजे कधीपर्यंत?”

त्यांनी चष्मा काढून पुसला.

“आणि नाही केलं तर?” हे लेकीने विचारलं.

“तर असाच आणखी एखादा ताप. त्यांना विचारून बघा. त्यांचंही मत असायला हवं, जेवढं समजतं तेवढं.”

लेक म्हणाली, “आई, तू विचार. त्यांचं बोलणं तुलाच कळतं.”

मी आत गेले. डावा हात पुन्हा पट्टीत बांधलेला. खाली वाकले, उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला. म्हटलं, “अहो, गळ्यात नळी घालायची म्हणतात. म्हणजे घरी जाता येईल. घालू या ना?”

माझ्याकडे बघून म्हणाले — “सेट.”

आखूड. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, “हो म्हणतायत.”

“नक्की?”

“हो म्हटलं ना! चालेल म्हणतायत.”

सही लेकीने केली. पेन मीच तिच्याकडे सरकवलं.

आखूडच होता शब्द. शेवट खाली आला होता. मला तरी तसाच ऐकू आला.

मला ते हवे आहेत. शब्दासकट, शब्दाशिवाय, नळ्यांसकट, कसेही. लिहून टाकलं एकदा. दुसरं कोण वाचणार आहे हे.

१६ मार्च

सकाळी ऑपरेशनला नेलं. दारापर्यंत मी पलंगाबरोबर चालले. दारातून आत जाताना मान वळवून म्हणाले, “सेट.” हा सूर मी कधी ऐकला नव्हता. भांडं नाही, पाणी नाही, टीव्ही नाही. तीस वर्षांतला कुठलाच नाही. विचारायला तोंड उघडलं तर दार लागलं.

दिवसभर तो सूर मनात वाजवून बघतेय. बसत नाही कशातच.

२२ मार्च

एक शब्द काय तो, त्याचाही कंटाळा आला होता मला. टीव्ही बघताना दहा वेळा म्हणायचे तेव्हा म्हटलं होतं, “पुरे हो आता!” आज मशीनची घरघर ऐकत त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. ओठ हलतात अजून. स, ट. आवाज येत नाही. गळ्यातल्या नळीतून वारा जातो नुसता.

लेक म्हणाली, “रडून घे आई.” मला रडू आलं नाही. भूक लागली होती. कँटीनमध्ये जाऊन दोन टोस्ट खाल्ले.

३० मार्च

घरी.

कफ ओढायचं मशीन आणलंय. नर्सने दोनदा शिकवलं, तिसऱ्यांदा मी करून दाखवलं. “काकू, हात छान आहे तुमचा!” असणारच, जन्मभर दुसऱ्यांच्या दातांत बारीक हत्यारं फिरवली आहेत. बटण दाबायचं, बारीक नळी गळ्यातल्या नळीत सोडायची, ओढायचं, बाहेर काढायची. ओढताना त्यांचं सगळं अंग ताठ होतं, डोळ्यांतून पाणी येतं. आवाज मात्र निघत नाही. ओरडणारा माणूस आणि आवाज नाही — सवय होईल म्हणतात. कोणाला, ते नाही सांगितलं.

मशीनची मोटार अगदी आमच्या पॉलिशच्या मोटारीसारखीच वाजते. पहिल्यांदा लावलं तेव्हा क्षणभर वाटलं, हे मागच्या खोलीत कामाला बसलेत.

अंगाखाली हवेची गादी, तिचा वेगळा पंप. वर पंखा. घराचा कारखाना झालाय.

४ एप्रिल

म्हाताऱ्या बाईंची कवळी परत आली. चौथ्यांदा. ह्या वेळी बरोबर डॉक्टरांचा निरोप, “बाई म्हणतात, नको आता. मी बोळकीच बरी. तुम्ही खूप केलंत, आभार सांगा म्हणतात.”

राग आला. एवढी मेहनत! फेकवेना, म्हणून कपाटात ठेवली.

९ एप्रिल

बोलणं शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. माझं आता इथे काम नाही म्हणाल्या, आवाजच नाही तर. पण जाता जाता बसल्या जरा. “हो-नाहीसाठी काहीतरी खूण ठरवा. डोळे मिटले की हो, असं काही. माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे हो.”

ठरवली. त्यांना तीनदा समजावलं. “अहो, हो असेल तर डोळे मिटा. पंखा लावू?” भिंतीकडे बघत राहिले. “थंडी वाजते?” भिंत. रजईत हात आपटत होता. थुप, थुप. मी तो हातात घेतला, चोळला, पांघरुणाखाली ठेवला.

लेक फोनवर म्हणाली, “समजत नसेल आता. डॉक्टर म्हणालेच होते.” असेल. पण समजत नाही तो माणूस असा भिंतीकडे बघत नाही. राग आल्यावर असेच बघायचे. आठ आठ दिवस.

१५ एप्रिल

वजन वाढलंय. नर्स खूश. “बघा काकू, किती छान सांभाळलंत!” आरशात मी बघितलं, माझं निम्मं झालंय.

एक काळजी. पाठीला लाल झालंय. गादी असूनही.

१७ एप्रिल

रजई कफाने भरली होती, वास यायला लागला. सुतळी कापून धुवायला काढली. मग दुपारी मशीन लावलं, नळी हातात घेतली, दांड्याला टेकून वाकले.

टक.

माझ्या हाताने बटण बंद केलं. मी नाही केलं, हाताने केलं. दांड्यावर टेकलेल्या कोपराला कळलं आणि दुसरा हात गेला, तीस वर्षं जातो तसा. मोटार थांबली, आणि मग मला कळलं की मी काय केलं आणि का केलं.

ते माझ्याकडे बघत होते. डावा हात. प्लॅस्टरची सुरी नाही, लाकडी टेबल नाही, लोखंडावर बोटांची नुसती गाठ. खालची बाई म्हणाली होती, एक-एकच येतो. एक म्हणजे बंद कर. वरून रजई बांधली ती मी.

म्हटलं, “केलं हो बंद. दुखतं ना? केलं बंद.”

टक.

गादीचा पंप बंद केला.

टक.

पंखा बंद केला. फ्रिजची पिन काढली. मागच्या खोलीत जाऊन सगळी बटणं बघून आले, सगळी बंद होती. खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा काढला. तो हातात घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. घरात चालू असं आता काहीच नव्हतं. त्यांच्या गळ्यातला वारा तेवढा.

माझ्या डोळ्यांत बघितलं त्यांनी. एक.